एका वर्गणीदाराचीं तीन पुस्तकें

विकत घेतलेलें पुस्तक आणि ग्रंथालयांतून आणलेलें पुस्तक यांत एक मोठा भेद असतो. विकत घेतलेलें पुस्तक कपाटांत उभें राहून धन्याला सवड होण्याची वाट पाहतें, आणि हें वाट पाहणें पुष्कळदां धन्याच्या हयातीपलीकडे जातें. ग्रंथालयाच्या पुस्तकाला परतीची तारीख असते. त्या तारखेच्या धाकानें आळशी माणूसहि पानें उलटूं लागतो, आणि दोन दिवस उरले म्हणजे रात्रीं दिवा मालवावयाला थोडा उशीर होतो. महाराष्ट्रांत हा धाक जुना आहे. पुण्याचें नगर वाचन मंदिर १८४८ सालचें, ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचें, मुंबईचें १८९८ सालचें. अशा संस्थांच्या पायऱ्या चढत वाढलेल्या घराण्यांत वर्गणीदाराचा क्रमांक बापाकडून मुलाकडे वतनासारखा जातो, असें थट्टेनें म्हणतात. आणि त्या थट्टेंत तथ्यहि पुष्कळ आहे.

अशाच एका वतनदार वाचकाची ही हकीकत. हे गृहस्थ हिशेबखात्यांतून निवृत्त झालेले, वयानें सत्तरी ओलांडलेले, आणि चाळीसांहून अधिक वर्षें आपल्या शहरांतील एका जुन्या ग्रंथालयाचे वर्गणीदार. एका वेळीं दोन पुस्तकें मिळावयाचीं असा तेथील नियम. आणि हीं दोन कोणतीं आणावयाचीं याचाहि त्यांच्यापुरता एक नियम ठरून गेलेला. एक इतिहासाचें, दुसरें कादंबरी किंवा प्रवासवर्णन. परत करण्यापूर्वीं प्रत्येक पुस्तक एका आंखलेल्या वहींत नोंदवावयाचें: अनुक्रमांक, नांव, ग्रंथकर्ता, दिनांक, आणि शेवटच्या रकान्यांत एका ओळीचा अभिप्राय. 'भाषा ओघवती.' 'उत्तरार्ध पाल्हाळिक.' 'आधार दिलेले नाहींत.' अशा तीन वह्या भरून चौथी चालूं होती. खिशांत एक खोडरबर असे. आधींच्या कोणा वाचकानें समासांत पेन्सिलीनें कांहीं लिहून ठेविलें असेल, तर तें ते नेमानें पुसून टाकीत. परक्याचें मत आपल्या वाचनांत शिरूं नये, हा त्यांतला हेतु.

एका आषाढांत त्या ग्रंथालयाच्या छपराला गळती लागली. इतिहासाचीं कपाटें ताडपत्रीखालीं गेलीं, कादंबऱ्यांच्या दालनांत गळणाऱ्या पाण्याखालीं बादल्या मांडल्या गेल्या, आणि उघडें राहिलें तें एकच कपाट, चरित्रें व आत्मचरित्रें यांचें. ह्या गृहस्थांना आत्मचरित्रांविषयीं फारसा आदर नव्हता. स्वतःचा हिशेब स्वतःच लिहावा, स्वतःच तपासावा, आणि बरोबर आहे म्हणून खालीं सही ठोकावी, असा हा प्रकार, असें ते म्हणत. परंतु भर पावसांत रिकाम्या हातीं परतणें त्याहून वाईट. ओल्या भिंतीपेक्षां वर्गणीदाराचें घर बरें, असें म्हणून ग्रंथपालबाईंनीं त्या दिवशीं दोहोंऐवजीं तीन पुस्तकें त्यांच्या पिशवींत घातलीं.

पहिल्यानें हातीं घेतलें तें विष्णुभट गोडसे यांचें 'माझा प्रवास'. त्यांत सत्तावन सालची धामधूम असल्यामुळें इतिहासाची भूक भागेल, हा त्यामागील विचार. पूर्वीच्या कुलाबा म्हणजे आतांच्या रायगड जिल्ह्यांतील वरसई गांवचे हे भिक्षुक. घरीं कर्ज झालेलें. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा भरपूर मिळेल, असें कानीं आलें, आणि काकांना बरोबर घेऊन ते १८५७ सालीं उत्तरेच्या वाटेस लागले, ते नेमके वणव्यांत जाऊन सांपडले. पुढें झांशीचा वेढा त्यांनीं आंतून पाहिला. शहर पडल्यावरची लूट आणि कत्तल पाहिली. मिळविलेले पैसे पुनः पुनः गमावले. आणि शेवटीं घरीं आले ते गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन. त्या पाण्यानें त्यांनीं आईबापांस स्नान घातलें. दक्षिणेसाठीं निघालेल्या माणसाच्या पदरांत इतकेंच उरलें, आणि तें त्यांना कमी वाटलें नाहीं.

हें सारें त्यांनीं लिहिलें तें पंचवीसएक वर्षांनंतर, चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून, आणि तें छापून निघालें १९०७ सालीं. वैद्यांनीं छापतांना मजकुरावरून आपला हात फिरविला होता. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदार यांनीं सिद्ध केलेली आवृत्ति १९६६ सालीं निघाली, आणि मग भटजींचा स्वतःचा आवाज वाचकांना ऐकूं आला. सुदैवानें पिशवींत आलेली प्रत ही पोतदारांचीच होती.

शाळेंत असतांना ह्या गृहस्थांनीं झांशीचा वेढा मनांतल्या मनांत अनेकदां लढविला होता. त्या लढाईंत राणीच्या घोड्यामागें दहा पावलांवर त्यांचा घोडा असे. गोडसे भटजींनीं त्यांना घोड्यावरून खालीं उतरविलें. भटजींच्या झांशींत भय आहे, तहान आहे, जवळच्या पैशांची काळजी आहे, आणि उद्यां सकाळ दिसेल कीं नाहीं ही शंका आहे. आपण शूर होतों असें हा माणूस कोठेंहि म्हणत नाहीं. कोठें लपलों, कसे घाबरलों, काय हातचें गेलें, हें तो ज्या सरळपणानें सांगतो त्याच सरळपणानें दुसऱ्याचें शौर्यहि सांगतो, आणि म्हणूनच तें शौर्य खरें वाटतें. झांशीच्या नामांकित पुस्तकालयाची लुटींत झालेली धूळधाण तर तो सोन्यारुप्याच्या लुटीइतक्याच कळवळ्यानें सांगतो. तीं पानें वाचतांना ह्या गृहस्थांना ताडपत्रीखालचीं कपाटें आठवलीं, आणि दुसऱ्याच दिवशीं छत्री घेऊन ते गळती थांबली कीं नाहीं तें पाहून आले.

पुस्तकांत एक प्रसंग काल्पीच्या बाजूचा आहे. विहिरीपाशीं भटजींची व राणीची गांठ पडते. राणी पुरुषी वेषांत, धुळीनें माखलेली, तहानेनें व्याकुळ. भटजी पाणी काढून देण्यास पुढें होतात, तों विद्वान् ब्राह्मणानें आपल्यासाठीं हे कष्ट घेऊं नयेत असें सांगून ती स्वतःच पाणी ओढते आणि ओंजळीनें पिते. ह्या प्रसंगांत वाचकाला उभें राहावयाला जागा एकच उरते, ती विहिरीच्या कांठीं, रिकाम्या हातांनीं. पन्नास वर्षें घोड्यावर बसलेल्या ह्या गृहस्थांना ती जागा प्रथम अवघड वाटली. वहींत त्यांनीं लिहिलें: 'भटजी खरें बोलतात.' आत्मचरित्राला त्यांच्या हातून मिळालेला हा पहिलाच चांगला शेरा.

दुसरें पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांचें 'स्मृतिचित्रें'. हें १९३४ सालापासून चार भागांत प्रसिद्ध झालें आणि तेव्हांपासून मराठी घरांत त्याचा राबता कधीं थांबला नाहीं. त्या प्रतीच्या मागच्या बाजूस डकविलेली परतीच्या तारखांची चिठ्ठी शिक्क्यांनीं इतकी भरली होती कीं तिच्यावर दुसरी, आणि दुसरीवर तिसरी चिकटविलेली. लक्ष्मीबाईंना शाळा अशी मिळालीच नाहीं. नवऱ्याच्या हाताखालीं ज्या थोड्या अक्षरांशीं ओळख झाली, त्यांवर त्यांनीं हा ग्रंथ उभा केला. १८५७ च्या धामधुमींत आजोबा फांसावर गेले, आणि त्या धक्क्यापासून वडिलांच्या सोंवळ्याला जो ऊत आला तो कधीं ओसरला नाहीं. बाजारचा जिन्नस धुतल्यावांचून घरांत यावयाचा नाहीं, अशा त्या घरांतून ही मुलगी निघाली आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरांत येऊन पडली. एक घर पाण्याच्या धाकांत बुडालेलें, तर दुसऱ्याला दारच नाहीं.

टिळकांच्या कविता ह्या गृहस्थांना शाळेपासून तोंडपाठ. फुलांमुलांच्या ह्या कवीविषयीं त्यांच्या मनांत फार आदर, आणि कविपत्नीनें कवीविषयीं चार भक्तीचे शब्द लिहिले असतील, अशीच त्यांची अटकळ. पहिल्या शंभर पानांतच ती अटकळ कोलमडली. तेथें कवि आहेच. पण न सांगतां घरांतून निघून जाणारा, हातांतला पैसा पहिल्या भेटलेल्या गरजूला देऊन टाकणारा, क्षणांत संतापणारा आणि क्षणांत लहान मुलासारखा होणारा तो नवरा, आणि त्यानें मोकळा केलेला डबा संध्याकाळपर्यंत भरावयाचा कसा ह्या विवंचनेंतली त्याची बायको. टिळकांनीं १८९५ सालीं मुंबईस ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, त्यानंतर पांचएक वर्षें पतिपत्नी वेगळीं राहिलीं. ह्या वर्षांचें दुःख लक्ष्मीबाई लपवीत नाहींत. पण त्याला मोठा आवाजहि देत नाहींत. मग १९०० सालीं त्यांनीं स्वतः दीक्षा घेतली ती नवऱ्याच्या मागें फरफटत जाऊन नव्हे. जातीचें बंधन आपल्या मनांत कसें सैल होत गेलें, ह्याचा विचार त्यांनीं आपल्या बुद्धीनें, आपल्या घरगुती भाषेंत, पायरीपायरीनें मांडला आहे. तत्त्वज्ञानाच्या कित्येक जाड ग्रंथांत इतका स्वच्छ विचार आढळत नाहीं, असें ह्या गृहस्थांचें मत झालें, आणि तें फारसें चुकीचें नाहीं. टिळकांच्या पश्चात् त्यांचें अपुरें राहिलेलें 'ख्रिस्तायन' ज्या बाईनें पुढें नेलें, तिला कविपत्नी म्हणून एका शब्दांत आटोपतां येत नाहीं.

आणि ह्या पुस्तकांत हंसूं येतें तें भलत्याच ठिकाणीं. जेथें दुसऱ्या कोणीं डोळ्यांना पदर लावला असता तेथें लक्ष्मीबाई एखादें असें वाक्य टाकतात कीं वाचणारा एकटाच खोलींत मोठ्यानें हंसतो. तसेच हे गृहस्थ एका रात्रीं हंसले. स्वयंपाकघरांतून पत्नी बाहेर आल्या.

"काय झालें हो?"

त्यांनीं तें पान मोठ्यानें वाचून दाखविलें. पत्नी हंसल्या आणि त्यांच्या पुढचें वाक्य त्यांनींच सांगितलें.

"हें तूं कधीं वाचलेंस?"

"तुम्हीं मागें एकदां आणलें होतें तेव्हां. पुष्कळ वर्षें झालीं. तुम्हीं न वाचतां परत केलें."

गृहस्थांनीं वह्या काढल्या. दुसऱ्या वहींत नोंद सांपडली. अनुक्रमांक, नांव, ग्रंथकर्ता, दिनांक, सर्व यथास्थित. आणि शेवटच्या रकान्यांत त्यांच्याच वळणदार अक्षरांत लिहिलेलें: 'घरगुती. वाचलें नाहीं.'

तो शेरा त्यांनीं दोनदां वाचला. खोडरबर खिशांतच होतें. पण शेरा शाईचा होता. ह्या निमित्तानें त्यांच्या आणखी एक गोष्ट ध्यानांत आली. चाळीस वर्षें घरांत दोन दोन पुस्तकें येत होतीं, आणि तीं दोन्ही त्यांच्या आवडीचीं. पत्नींनीं त्यांतलें कोणतें वाचलें, कोणतें आवडलें, कोणतें अर्धें राहून परत गेलें, याची नोंद कोणत्याहि वहींत नव्हती.

तिसरें पुस्तक सर्वांत पातळ, आणि त्याच्या मागच्या चिठ्ठीवर शिक्के अगदीं थोडे. शेवटचा शिक्का बऱ्याच वर्षांपूर्वींचा. कपाटांत निजलेलीं पुस्तकें अशीं कधीं कधीं दोन पिढ्या निजतात. ताराबाई शिंदे यांची 'स्त्रीपुरुषतुलना' १८८२ सालीं छापली गेली आणि पुढें इतकी विस्मृतींत गेली कीं १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं ती पुनः प्रसिद्ध केली तेव्हां चांगल्या जाणत्या वाचकांनाहि ती नवीनच वाटली. हें तिसरें पुस्तक तसें विसरलेलें नव्हे. रमाबाई रानडे यांचें 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी', १९१० सालचें, नांवानें सर्वांना ठाऊक. आणि म्हणूनच कदाचित् कोणी नेत नसावें.

न्यायमूर्ति रानडे हे ह्या गृहस्थांचें दैवत. मराठ्यांच्या सत्तेच्या उत्कर्षावरील त्यांचा इतिहास त्यांनीं तीनदां वाचलेला. त्यामुळें पुस्तक उघडतांच ते माधवरावांच्या खुर्चींत जाऊन बसले. ही सवय त्यांची एकट्याचीच नव्हे. सुधारणेच्या काळाविषयीं वाचणारा प्रत्येक सुशिक्षित पुरुष स्वतःला सुधारकांतच मोजतो. सनातन्यांच्या बाजूनें उभा असलेला वाचक सहसा सांपडत नाहीं.

आणि खुर्ची बसण्यासारखी होतीहि. १८७३ सालीं पहिली पत्नी वारल्यावर विधवेशींच विवाह करावा असें रानड्यांना वाटत होतें. वडिलांनीं तसें होऊं दिलें नाहीं आणि अकरा वर्षांच्या मुलीशीं त्यांचें लग्न लावून दिलें. सुधारकांनीं त्यांना त्याबद्दल पुष्कळ बोल लाविला. पण ती मुलगी घरांत आली तशी त्यांनीं तिला शिकवावयास घेतलें, आणि तें शिकवणें जन्मभर चाललें. कलकत्त्यास असतांना त्यांनीं बंगाली शिकावयाचें मनावर घेतलें, पत्नीलाहि तें शिकवावें म्हणून. एके सकाळीं दाढी करीत असलेला न्हावी त्यांचें बंगाली वाचन दुरुस्त करीत आहे, हें रमाबाईंच्या दृष्टीस पडलें आणि त्यांना हंसूं आवरेना. एवढा मोठा न्यायाधीश न्हाव्याला गुरु करतो आणि त्यांत त्याला कांहींच वावगें वाटत नाहीं! ह्या पानाशीं हे गृहस्थ बराच वेळ थांबले. अशा माणसाच्या खुर्चींत आणखी थोडा वेळ बसावेंसें कोणालाहि वाटेल.

पण रमाबाईंचें पुस्तक त्या खुर्चीपाशीं थांबत नाहीं. तें माजघरांत जातें. तेथें घरांतील वडील बायका बसल्या आहेत, आणि ही सून वाचावयाला शिकते आहे हें त्यांना सहन होत नाहीं. त्या कधीं बोलतात, कधीं अबोला धरतात, कधीं इतर बायकांसमक्ष तिच्या शिकण्याची नक्कल करून हंसतात. भांड्यांबरोबर हातीं आलेल्या इंग्रजी वर्तमानपत्राच्या तुकड्यावर तिची नजर रेंगाळली एवढ्यावरूनहि तिला टोमणे ऐकावे लागतात. रमाबाई हें लिहितात तें ऐन वैधव्यांत, पुण्यास सेवासदनासारखी संस्था उभी केल्यानंतर, म्हणजे आतां कोणाचें भय उरलेलें नसतांना. पण त्या बायकांविषयीं त्यांच्या लेखणींत सूड नाहीं. झालें तें इतकें इतकें झालें, असें सांगून त्या पुढें जातात.

हे गृहस्थ मात्र पुढें जाऊं शकले नाहींत. बायकांसमक्ष हंसणें, हे शब्द त्यांना सोडीनात. त्या समासांत कोणा जुन्या वाचकानें, बहुधा एखाद्या बाईनें, बारीक पेन्सिलीनें एकच शब्द लिहिला होता: 'अजूनहि.' खोडरबर हातांत घेऊन ते बराच वेळ बसले, आणि मग पुस्तक मिटून ठेविलें.

त्यांचें बालपण कोंकणांतील एका लहान गांवीं गेलें. घरीं शिवलीलामृताची जुनी पोथी होती, सुट्या लांबट पानांची, दोन फळ्यांमध्यें रुमालांत बांधलेली. दर सोमवारीं तिन्हीसांजेला त्यांची आई ती चौरंगावर सोडी, पान समोर धरी आणि अकरावा अध्याय म्हणे. आळींतल्या चार बायका ऐकावयाला येत. आईचा आवाज गोड होता, आणि पोथी वाचणारी म्हणून तिला आळींत थोडा मानहि होता. मुलगा दहा वर्षांचा, शाळेंत पहिला येणारा. आई खरोखर वाचते कीं पाठ म्हणते, अशी शंका त्याला आली. आणि एका सोमवारीं दुपारीं त्यानें त्या अध्यायाचीं पानें खालींवर करून ठेविलीं.

संध्याकाळीं आईनें अध्याय आरंभापासून शेवटपर्यंत बिनचूक म्हटला. मधून मधून ती पान उलटीत होती. मागें बसलेला मुलगा तोंड दाबून हंसत होता, आणि अध्याय संपतांच तो ओरडला, "आई, पानें तर सगळीं भलतींच आहेत!" बायका हंसल्या. ओटीवरून काका आंत आले, त्यांना गंमत कळली, तेहि हंसले. मुलाच्या हुशारीचें त्या दिवशीं फार कौतुक झालें. आईनें पानें गोळा केलीं, रुमालाला गांठ मारली, आणि पुढच्या सोमवारापासून पोथी चौरंगावर बांधलेलीच ठेवून ती हात जोडून अध्याय म्हणूं लागली. त्यानंतर एकदां दुपारीं तिनें त्याच्या पुस्तकांतल्या एका अक्षरावर बोट ठेवून "हें कोणतें रे, बाळ?" असें विचारल्याचें त्यांना आतां आठवलें. "तुला काय करायचें आहे?" असें म्हणून तो खेळावयाला पळाला होता.

ही गोष्ट ते पुढें आयुष्यभर विनोद म्हणून सांगत आले होते. कचेरींत सांगितली, मुलांना सांगितली. आपण लहानपणापासून चिकित्सक होतों, हें दाखविण्यास ती फार सोयीची होती. रमाबाईंच्या माजघरांत आपली खुर्ची कोणती, हें त्यांना ह्या वेळीं प्रथम दिसलें.

तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं त्यांनीं ती गोष्ट पत्नींना सांगितली. नेहमीच्या चालीवर नव्हे. पत्नी घेवड्याच्या शेंगा मोडीत बसल्या होत्या.

"मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "सासूबाईंनीं सांगितली होती."

"कधीं?"

"इथें आपल्याकडे राहावयाला आल्या तेव्हां. त्या मग शिकल्या कीं वाचावयाला."

गृहस्थांना समजेना.

"दुपारीं, तुम्ही कचेरीला गेलांत म्हणजे आम्ही बसत असूं. तुमच्या पहिलीच्या पुस्तकावरच. दोन वर्षें लागलीं. जोडाक्षरांनीं फार छळलें त्यांना. पण शेवटीं शेवटीं अकरावा अध्याय ओळीखालीं बोट धरून वाचीत."

तें पहिलीचें पुस्तक त्यांनीं पाहिलें होतें. आई वारल्यावर तिच्या ट्रंकेंत, लुगड्यांच्या घडीखालीं सांपडलें होतें, पानें हाताळून मऊ झालेलीं. मुलाची आठवण म्हणून आईनें तें इतकीं वर्षें जपलें, असें समजून त्यांनीं त्याला कापडी बांधणी करून घेतली होती आणि तें आपल्या कपाटांत, काचेआड ठेविलें होतें.

"आणि मला कोणीं सांगितलें नाहीं?"

"त्यांनीं सांगूं दिलें नाहीं. तो हंसेल, म्हणाल्या."

त्या वेळीं आई साठीला टेकलेली, आणि ते स्वतः चाळिशीच्या घरांत, एका खात्याच्या हिशेबाची जबाबदारी वाहणारे. आपण हंसलों नसतों, असें ते म्हणणार होते; निदान पत्नी तसें म्हणतील म्हणून ते थोडा वेळ थांबले. पत्नी शेंगा मोडीत राहिल्या.

रमाबाईंचें पुस्तक आठ दिवस उशिरां परत गेलें. चाळीस वर्षांत पहिल्यानेंच त्यांना दंड पडला आणि तो त्यांनीं मुकाट्यानें भरला. समासांतला तो एक शब्द तसाच राहिला. वहींत नांव, ग्रंथकर्ता, दिनांक सर्व लिहिलेलें आहे. शेवटचा रकाना कोरा आहे. टेबलापाशीं त्यांनीं नव्या वर्गणीदारासाठीं लागणारा अर्ज मागितला. तो अर्ज ज्याचा त्यानेंच येऊन भरावा व सही करावी, असा नियम असल्याचें ग्रंथपालबाईंनीं सांगितलें.

गुरुवारीं पावसानें थोडी उसंत दिली तेव्हां पत्नी छत्री घेऊन एकट्याच गेल्या. परत यावयाला त्यांना बराच उशीर झाला. दोन पुस्तकें होतीं, भिजूं नयेत म्हणून वर्तमानपत्रांत गुंडाळलेलीं. गृहस्थांनीं संवयीप्रमाणें हात पुढें केला. पत्नींनीं पुस्तकें खिडकीपाशीं आपल्या खुर्चीजवळ ठेविलीं, पदरानें हात पुसले आणि म्हणाल्या,

"नोंद करायची असेल, तर वाचून झाल्यावर सांगेन."